मर्दपणाची हमी

मराठी साहित्यात आज आदिवासी आहे, जोगता आहे, तमाशातला नाच्या आहे, आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पुण्या-मुंबईच्या सदनिकेतला समलिंगी तरुणही आलेला आहे. परंतु ही माणसे एकमेकांना कधी भेटत नाहीत. आदिवासींविषयीच्या कथेत भूक असते, जंगलखाते असते, सावकार असतो. पण त्या पाड्यावर एखाद्या पोराचा जीव पोरावरच जडला आहे, एखादी बाई लग्नच नाकारून बाप्यासारखी हिंडते आहे, असे सहसा घडत नाही. समलिंगी नायकाच्या कथेत प्रेम असते, एकटेपण असते, आईबापांचा आकांत असतो. पण त्या नायकाला जात नसते. (म्हणजे असते, ती सांगावी लागत नाही इतकी वरची असते.) हा केवळ योगायोग आहे असे मला वाटत नाही. त्याची कारणे वाङ्मयीन नाहीत, सामाजिक आहेत, आणि त्यातली काही आपल्या स्वतःच्या चळवळीतही दडलेली आहेत. म्हणून ती येथे मांडावयाची आहेत.

नशिराबादला आम्ही काही शिक्षक आणि विद्यार्थी महिन्यातून एकदा पुस्तकांवर बोलावयास बसतो. मध्यंतरी आनंद यादवांची 'नटरंग' चर्चेला घेतली होती. कादंबरी बहुतेकांनी वाचलेली आणि २०१० साली आलेला चित्रपट तर सर्वांनीच पाहिलेला. गुणाच्या शोकांतिकेवर सारे भरभरून बोलले. चोपडा तालुक्याकडचा, जळगावला वसतिगृहात राहून शिकणारा एक आदिवासी विद्यार्थी मात्र गप्प होता. शेवटी तो एवढेच म्हणाला, "सर, तो गुणा खरंच तसा राहता तं? मंग आपन रडलो असतो का त्याच्यासाठी?"

प्रश्न साधा आहे. पण तो मराठी कादंबरीच्या एका मोठ्या लबाडीवर बोट ठेवतो.

गुणा हा अस्पृश्य जातीतला मजूर. तालमीत घुमलेला, पिळदार देहाचा. तमाशाच्या वेडापायी त्याला नाच्याचे सोंग घ्यावे लागते, अंग बारीक करावे लागते, चाल बदलावी लागते. गाव त्याला हिणवते, घर त्याच्यापासून तुटते, आणि चित्रपटात तर त्याच्यावर सामूहिक बलात्कार होतो. हे सारे भीषण आहे आणि यादवांनी त्यातली कलावंताची घुसमट ताकदीने उभी केली आहे, हे मान्य करावयास हवे. परंतु वाचकाचे मन ज्यामुळे हेलावते ते नीट तपासून पाहा. 'हा खरा मर्द आहे आणि जग त्याला बायल्या समजते' ही ती वेदना आहे. गुणाला बायको आहे, मूल आहे, बाईविषयीचे आकर्षण आहे. कथेत जागोजागी त्याची खूण पटवून दिलेली आहे. लेखक वाचकाला जणू हमी देतो की, सोंग निराळे आणि माणूस निराळा; तेव्हा तुम्ही निर्धास्तपणे रडा. मग जो सोंग घेत नाही, ज्याचे ते जगणेच आहे, त्याच्या वाट्याला या कादंबरीतून काय उरते? गुणाला जी शिवी लागते ती शिवी खोटी आहे म्हणून अन्याय ठरते. खरी असती तर ती शिवी रास्त होती, असाच त्याचा अर्थ निघतो.

'जोगवा'चे तेच. राजन गवस यांच्या 'चौंडकं' (१९८५) आणि 'भंडारभोग' (१९८८) या कादंबऱ्या आणि चारुता सागर यांची 'दर्शन' ही कथा यांवर २००९ साली हा चित्रपट आला. सामाजिक प्रश्नावरील चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक त्याला मिळाले, आणि ते योग्यच होते. यल्लम्माच्या नावाने पोरीबाळींना आणि पोरांना सोडण्याची प्रथा किती निर्घृण आहे हे त्याने घरोघर पोचविले. पण तायाप्पाची मुक्ती कशात दाखविली आहे? लुगडे फेकून पुन्हा पुरुष होण्यात, सुलीचा हात धरण्यात. ज्याला बळजबरीने लुगडे नेसविले त्याने ते फेकले, यात विद्रोह आहेच. तो मी नाकारीत नाही. माझा प्रश्न त्याच्या शेजारी बसलेल्या दुसऱ्या जोगत्याविषयी आहे. देवीच्या परड्याखाली ज्याला प्रथमच आपल्या मनासारखे नेसता आले, बोलता आले, चालता आले, त्याने काय फेकावयाचे? लुगडे ठेवून फक्त देवी फेकता येते काय? गवसांच्या कादंबऱ्यांत जोगव्याचे पीठ, केसांची जट आणि गावाचा दरारा यांना जी जागा आहे, तिच्यामुळे हा प्रश्न निदान उमटण्यापुरती फट तेथे राहते. चित्रपटाने ती बुजविली.

आता दुसऱ्या टोकाला या. तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' १९८१ साली रंगभूमीवर आले. मित्रा नावाच्या महाविद्यालयीन मुलीचे मुलीवर प्रेम बसते आणि शेवटी ती जीव देते. काळाच्या मानाने ते धाडसच होते. २००६ साली सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' आली. पुण्यातल्या एका कुटुंबातील भाऊ आणि बहीण दोघेही घरात राहावयास आलेल्या एकाच तरुणावर प्रेम करतात. लेखन तरल आहे, भाषा नवी आहे. पण भाड्याची खोली, चित्रकला, कॉफी, घरच्यांची मध्यमवर्गीय अब्रू एवढ्या परिघात ही वेदना फिरते. त्यात दोष नाही. प्रत्येकाने आपले अनुभवविश्व लिहावे. परंतु मराठी समीक्षेने त्या परिघालाच 'समलिंगी अनुभव' असे नाव दिले, तेथे माझी हरकत आहे. दलित साहित्याने प्रस्थापितांना हेच तर विचारले होते की, तुमच्या 'माणसा'त आमचा माणूस कोठे आहे?

एका वर्गाच्या लेखनात देह आहे आणि जात नाही. दुसऱ्या लेखनात जात आहे, पण देहाला मर्दपणाची हमी द्यावी लागते. आदिवासी माणूस तर या दोन्हींच्या बाहेरच उभा.

आपण दलित लेखक-कार्यकर्त्यांनी येथे काय केले? बाबूराव बागुलांच्या 'सूड'मधली जानकी बाईपण झुगारू पाहते. तिच्याविषयी आपण स्त्रीच्या शोषणाचे प्रतीक म्हणून पुष्कळ लिहिले. बाईच्या देहाला झुगारणे हा एक स्वतंत्र अनुभव असू शकतो, असे मात्र फारसे कोणी म्हटले नाही. नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ने वेश्या, भडवे, हिजडे यांच्या वस्तीतून मराठी कवितेला फरफटत नेले, तेव्हा आपण त्याला विद्रोह म्हटले. पण वस्ती कवितेत आली म्हणून ती मोर्चात आली असे होत नाही. आपल्या मोर्चांत अजूनही नाकर्त्या अधिकाऱ्याला साडीचोळी आणि बांगड्यांचा आहेर दिला जातो आणि त्यावर टाळ्या पडतात. बांगडी भरलेला हात नालायक, हे मूल्य आपल्याला कोणी शिकविले? मनूनेच ना?

यामागे एक ऐतिहासिक अडचण आहे, ती नीट ध्यानात घ्यावयास हवी. १९३६ साली परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी वाघ्या, मुरळी, देवदासी, जोगतिणी, पोतराज यांच्यापुढे भाषण केले आणि हे लाजिरवाणे जिणे सोडा असे स्पष्ट बजावले. धर्माने दिलेली भीक नाकारणे हा आपल्या चळवळीचा प्राण आहे. त्यामुळे जोगत्याचे लुगडे दिसले की आपल्याला केवळ गुलामगिरी दिसते. बाबासाहेबांचा तो नकार देवाधर्माच्या नावाने होणाऱ्या देहाच्या व्यापाराला होता. त्या नकाराचे रूपांतर आपण 'पुरुषाने पुरुषासारखे दिसावे' या फतव्यात केले असेल, तर ते बाबासाहेबांचे नव्हे, गावच्या पाटलाचे म्हणणे आहे.

आणि इतिहास तर आपल्याला अगदी निराळीच सोयरीक दाखवितो. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा भटक्या-विमुक्तांच्या चळवळीतील प्रत्येकाला तोंडपाठ आहे. त्या कायद्याला दोन भाग होते, हे मात्र थोड्यांना ठाऊक असते. पहिला भाग जमातींचा. दुसरा भाग, त्या कायद्याच्या भाषेत, 'नपुंसकां'चा. त्यांची पोलिसात नोंदवही ठेवावयाची. त्यांनी बाईच्या वेशात रस्त्यावर दिसावयाचे नाही, नाचावयाचे नाही, वाद्य वाजवावयाचे नाही. दिसल्यास दोन वर्षांपर्यंत कैद. त्यांना मूल दत्तक घेता येणार नाही, मृत्युपत्र करता येणार नाही. हा दुसरा भाग प्रामुख्याने उत्तरेकडील प्रांतांत राबविला गेला, आणि पहिल्या भागाची झळ पुढे आपल्याकडच्या जमातींना पिढ्यान् पिढ्या लागली. पण दोघांची कल्पना एकाच डोक्यातून निघाली होती. जो एका जागी राहत नाही तो गुन्हेगार, आणि जो एका लिंगात राहत नाही तोही गुन्हेगार. खानदेशात तर इंग्रजांनी १८२५ पासून धरणगावला भिल्लांची पलटण उभारून भिल्लांना 'सरळ' करण्याचा उद्योग मांडला होता. सरळ करणे हा शब्द दोन्हीकडे चालतो.

या पार्श्वभूमीवर मी काही दिवसांपूर्वी जोशुआ व्हाइटहेड यांची 'जॉनी ॲपलसीड' ही २०१८ सालची इंग्रजी कादंबरी वाचली. व्हाइटहेड हे कॅनडातील मॅनिटोबा प्रांतातल्या पेग्विस या आदिवासी समूहाचे. कादंबरीचा नायक जॉनी हा तरुण आपली राखीव वस्ती सोडून विनिपेग शहरात आला आहे. सावत्र बाप वारला आहे, मातीला गावी जावयाचे आहे आणि खिशात पैसे नाहीत. तो पैसे कसे मिळवितो? संगणकाच्या पडद्यासमोर गिऱ्हाइकांना देह दाखवून. आणि गिऱ्हाइकांना निव्वळ देह नको असतो. त्यांना 'रेड इंडियन' हवा असतो, सिनेमातला, पिसांचा. जॉनी त्यांना ते सोंग करून दाखवितो आणि पैसे मोजून घेतो.

मला ही कादंबरी मोलाची वाटते ती येथेच. तिच्यात ओळखीचा प्रश्न गाडीभाड्याच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही. 'मी कोण' हे जॉनी एका बाजूला विचारतो आणि दुसऱ्या बाजूला किती पैसे जमले ते मोजतो. आजीची माया आहे, आईशी गुंतागुंतीचे नाते आहे, बालपणीचा सखा टियास आहे. पण कोणीही प्रतीक होऊन बसत नाही. शिवाय वाचकाला एक चपराक आहे. जॉनीचे गिऱ्हाईक आणि आदिवासी कादंबरीचा नागर वाचक यांत फरक किती? दोघांनाही पिसे हवी असतात. कादंबरीत मोडतोड केलेली, आठवणींच्या तुकड्यांची मांडणी आहे, काही ठिकाणी ती एकाच सुरात घुटमळते. परंतु हे दोष मला किरकोळ वाटतात.

तिच्या आधी टॉमसन हायवे यांची 'किस ऑफ द फर क्वीन' (१९९८) आहे. दोन क्री भाऊ, मिशनऱ्यांची निवासी शाळा, तेथे पाद्र्याने केलेले अत्याचार; मोठा भाऊ संगीतात जातो, धाकटा नर्तक होतो, पुरुषांवर प्रेम करतो आणि एड्सने मरतो. आश्रमशाळांच्या जिल्ह्यात राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी ती वाचावी. अधिक काही सांगत नाही.

तिकडच्या आदिवासींनी नावाचा प्रश्न कसा सोडविला हेही पाहण्यासारखे आहे. गोऱ्या मानववंशशास्त्रज्ञांनी त्यांच्यातील अशा माणसांना 'बर्दाश' हा शब्द लावला होता. तो मुळात हिणविण्याचा, बाहेरून आणलेला. १९९० साली विनिपेगला भरलेल्या मेळाव्यात त्यांनी तो टाकला आणि 'टू-स्पिरिट', म्हणजे दोन आत्म्यांचा, हा शब्द घेतला. 'हरिजन' टाकून 'दलित' घेणाऱ्यांना, 'वनवासी' नाकारून 'आदिवासी' म्हणणाऱ्यांना या कृतीचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. पुढे २०१८ साली व्हाइटहेड यांच्या कवितासंग्रहाला एका प्रतिष्ठेच्या अमेरिकी पुरस्कारासाठी पारलिंगी कवितेच्या विभागात नामांकन मिळाले, तेव्हा त्यांनी ते परत केले. माझी ओळख त्या खणात बसत नाही, ती जागा पारलिंगी कवींची आहे, अशी त्यांची भूमिका होती. आपल्याकडे मिळालेला पुरस्कार असा सोडणारे किती निघतील? असो.

नाव घेण्यातही धोका आहे आणि तो आपल्याकडे अधिक आहे. अलीकडे 'हिजडा' हा शब्द असभ्य म्हणून 'किन्नर' म्हणण्याची चाल पडली. किन्नर म्हणजे पुराणातले स्वर्गीय गायक. मला हा शब्द 'हरिजन' शब्दाच्या कुळातला वाटतो. माणसाला हक्क द्यावयाचा नसेल तर त्याला देवाचा माणूस म्हणावे, ही युक्ती या देशात फार जुनी आहे. २०१६ च्या उज्जैन सिंहस्थात किन्नर आखाड्याची मिरवणूक निघाली, तेव्हा अनेकांना तो सन्मान वाटला. त्यांच्या भावनेचा मी अधिक्षेप करीत नाही. पण पालखीत बसलेल्या एकाच्या मागे सिग्नलवर उभे असलेले शंभर जण असतात आणि त्यातले बहुतेक कोणत्या जातींतून येतात, हे त्या मिरवणुकीत विचारता येत नाही. तमिळनाडूच्या लिव्हिंग स्माईल विद्या यांनी २००७ च्या आपल्या आत्मकथनात भीक नाकारून नोकरी मागितली. दलित घरात जन्मलेल्या त्या लेखिकेची मागणी मला या सर्व मिरवणुकींपेक्षा जवळची वाटते. आपल्याकडे येवल्याच्या दिशा पिंकी शेख यांनी आपल्या कवितासंग्रहाला 'कुरूप' हे नाव दिले. स्वर्गीय, दिव्य असे काहीही नव्हे, कुरूप. हे नाव ठेवण्यात जी समज आहे ती मराठी कादंबरीत अद्याप आलेली नाही.

याच्याच शेजारी आणखी एक मोह उभा आहे. आदिवासी समाज मोकळा होता, त्यांच्यात असा भेदच नव्हता, तृतीयपंथीयांना तेथे मान होता, असे शहरी मित्र मोठ्या प्रेमाने सांगतात. सातपुड्यातल्या होळीत पुरुष बाईचा वेश घेऊन नाचतात. त्याची छायाचित्रे काढली जातात आणि त्याखाली असा मजकूर येतो. सोंग हे सोंग असते. होळी संपली की तो वेश उतरतो, आणि जो उतरवीत नाही त्याच्याशी पाडा कसा वागतो हे छायाचित्रात येत नाही. आदिवासींना निष्पाप ठरविणे हीसुद्धा त्यांना माणूस न मानण्याचीच रीत आहे. वाहरू सोनवणे यांनी आपल्या 'स्टेज' या कवितेत व्यासपीठावरून आदिवासींचे दुःख सांगणाऱ्या बाहेरच्यांना जे सुनावले, ते या नव्या कौतुकालाही लागू आहे. नजुबाई गावित यांच्या 'तृष्णा'सारख्या लेखनाने आदिवासी बाईचे कष्ट आणि भूक आतून सांगितली, म्हणून तिच्यात पिसे नाहीत. तोच आतला आवाज या विषयावर यावयास हवा.

आणि वास्तव साहित्यासाठी थांबलेले नाही. आमच्या नशिराबादेजवळच भादली बुद्रुक हे गाव आहे. तेथील अंजली पाटील यांनी ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत महिलांसाठी राखीव जागेवर अर्ज भरला. त्या पारलिंगी आहेत म्हणून तो फेटाळण्यात आला. २ जानेवारी २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो निर्णय रद्द केला आणि स्त्री म्हणून त्यांना लढू दिले. गावाने त्यांना निवडून दिले. निकालात एक अटही आहे की, ही ओळख एकदा स्वीकारल्यावर सोयीसाठी पुन्हा पुरुष म्हणवून घेता येणार नाही. या अटीत एक अख्खी कादंबरी दडलेली आहे. कायदा एका खणात उभे करतो, जात दुसऱ्या खणात, आणि माणसाला दोन्ही दाखले खिशात घेऊन फिरावे लागते. ज्या गावात लोक तेरवीच्या पंगतीत कोण कोठे बसावे याचा हिशेब ठेवतात, तेथे मतदार त्या दिवशी काय विचार करून बाहेर पडले असतील? हे कोणी लिहिले पाहिजे. अशा विषयांना येथे वाचक नाही, असे म्हणणाऱ्यांनी भादलीची मतपेटी आठवावी.

चोपड्याच्या त्या विद्यार्थ्याने पुढे मला एक कथा वाचावयास दिली. तीत ऊसतोडीला जाणारे दोन तरुण होते, त्यांचे एकमेकांवर प्रेम होते, आणि शेवटी चांदण्यात नदीकाठी ते रडत बसले होते. मी त्याला एवढेच विचारले की, यांची उचल कोणत्या नावावर झाली? मुकादम कोयता मोजतो तो जोडीचा; नवरा आणि बायको मिळून एक कोयता. एकटा गडी असेल तर तो अर्धा कोयता, आणि उचलही तशीच. मग हे दोघे मुकादमापुढे उभे राहिले तेव्हा त्याने वहीत काय लिहिले? एक कोयता की दोन अर्धे? आणि थळात त्यांची कोपी कोणाच्या शेजारी पडली? तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, नदीचे पान काढून टाकतो, ते मुकादमापासून सुरू करावे लागेल. कथा अजून त्याच्याकडेच आहे. हंगाम संपून माणसे परतली की त्यांना विचारून पुढचे लिहिणार आहे.